पाच भन्तेंचे घास

कोंगसी आजीची साखर वाढली होती.

नर्स पिकुनने तपासणीचा कागद खिडकीजवळ नेऊन आकडा पुन्हा वाचला. मार्चअखेर तीन महिन्यांची सरासरी साखर १०.२ होती. आता जुलै लागला होता आणि आकडा होता १०.९. मधुमेहाच्या गटातल्या अकरा जणांपैकी नऊ जणांचं असंच झालं होतं. वर्ग सुरू झाल्यापासून एकही मंगळवार कुणी चुकवला नव्हता. राजधानीहून आलेली रंगीत पत्रकं सगळ्यांनी घरी भिंतीला चिकटवली होती. मग वाढली कशी?

बाहेर आरोग्य केंद्राच्या ओसरीवर सगळे बसलेच होते. पिकुन कागद घेऊन त्यांच्यात जाऊन बसली.

"आजी, पत्रकात सांगितलं तसं केलंत ना? दर जेवणाला दोन भातवाढ्या?"

"म्हणजे काय! एक दिवस चुकले असेन तर जीभ झडो."

"खाते हो ती," शेजारी बसलेली लमदुआन म्हणाली. लमदुआन म्हणजे कोंगसी आजीची नणंद. दोघी विधवा, दोघी एकाच घरात, आणि वीस वर्षं एकाच टोपलीतून जेवत आलेल्या. "तोंड वाकडं करून खाते, पण खाते. मी साक्षीला आहे."

"तोंड वाकडं कशाला?"

"मग काय, तो मोकळा भात गोड लागतो? घशात दाणे दाणे होतात नुसते," कोंगसी आजी म्हणाली. "पण औषध ते औषध."

पिकुनचं पेन थांबलं. "मोकळा भात कुठून आणलात?"

"बाजारातून. मुद्दाम आणला. तुमच्या चित्रात तोच होता ना, पांढरा, सुटा सुटा, भातवाढीवर. आमचा भात कधी भातवाढीवर बसलाय का? त्याला हातच लागतो."

"आणि त्या दोन वाढ्या खाल्ल्यावर मग काय करता?"

आजीने तिच्याकडे जरा काळजीने पाहिलं. शिकलेल्या पोरीला एवढंही कळू नये? "मग काय करणार? जेवते."

ओसरीवर कुणीच हसलं नाही, कारण कुणालाच त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. मागे बसलेल्या बुनहोम काकांनी तर हात वर केला. "सिस्टर, मी तीन वाढ्या घेतो. म्हटलं, लवकर गुण येईल."

पिकुनचे कान तापले. ती तालुक्याच्या गावी वाढली होती. तिची आई शाळेत शिकवायची, आणि त्यांच्या घरी मोकळाच भात व्हायचा. इथे नोंग-कुंग गावात मात्र भात म्हणजे चिकट भात. वाफेवर शिजवलेला, वेताच्या झाकणाच्या टोपलीत भरलेला, टोपली मध्ये ठेवून सगळ्यांनी बोटांनी तोडून खायचा. तो पोटात गेला तर जेवण झालं, नाही तर नाही. मोकळा भात हे लोक आजारपणात खायचे, नाही तर सरकारी कार्यक्रमाला. तिने त्यांना तीन महिने जेवणाआधी भाताचं औषध खायला घातलं होतं, आणि त्यांनी ते इमानाने घेतलं होतं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "ते औषध बंद करा. आजपासून."

"सुटलो," बुनहोम काका म्हणाले.

दुपारी वन्निपाचा फोन आला. कोंगसी आजीची ही एकुलती एक मुलगी दूर चोनबुरी शहरात कारखान्यात होती.

"सिस्टर, आईचा कागद लमदुआन आत्याने फोटो काढून पाठवला. तुमचे वर्ग चालू असताना वाढली?"

"हो. मी सांगण्यात चुकले."

वन्निपाचा चढलेला आवाज खाली आला. बहुतेक तिने भांडणाची तयारी केली होती. "बरं. पण तालुक्याचे डॉक्टर म्हणतात की नऊच्या खाली आली नाही तर इन्सुलिनच्या सुया. सकाळ-संध्याकाळ. आईला नीट दिसत नाही, आत्याचे हात थरथरतात. सुई कोण देणार? वर्षावास संपला की मला आठवडाभर सुट्टी आहे. तेव्हा येते. आकडा नऊच्या वर असला तर मी आईला घेऊनच जाणार. माझ्या खोलीसमोरच दवाखाना आहे."

तिचं काही चूक नव्हतं. पिकुननेही आपल्या आईसाठी हेच केलं असतं.

संध्याकाळी पायाची जखम बघायला ती आजीकडे गेली, तेव्हा आजीला सगळं कळलेलं होतं. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर, पाय पुढे करून बसली होती. अंगठ्याला काटा लागून झालेली जखम महिनाभर रेंगाळत होती.

"चौथ्या मजल्यावर राहते ती," आजी म्हणाली. "खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची खिडकी. पोरगी दिवसभर कारखान्यात. मी काय करू तिथे? इथे पहाटे भन्तेंना घास घालते, तिथे कुणाला घालू, लिफ्टला?"

"लिफ्ट तरी आहे," लमदुआन आतून म्हणाली. "इथे जिना चढताना कण्हतेस."

"तू गप्प बैस. मी गेले की तुझी टोपली तुलाच धुवायची आहे, ध्यानात ठेव."

आत भांडं जोरात आपटलं. पिकुनने जखमेवर नवी पट्टी बांधली. भन्ते पावसाळ्यात विहारातच मुक्काम करतात ते वर्षावासाचे तीन महिने. रक्तातल्या साखरेची सरासरीही तेवढ्याच दिवसांची धरतात. नव्याने सुरुवात करायला एक दिवसही फुकट घालवून चालणार नव्हतं.

आधी किती खातात ते कळायला हवं होतं. तेच कळेना. दोघी एकाच टोपलीतून जेवायच्या. मध्येच शेजारीण यायची, बसायची, चार घास खाऊन जायची. पिकुनने जेवणाआधी आणि जेवणानंतर टोपली वजन करून पाहिली, शेजारणीचे घास मोजले, लमदुआनचे मोजले, आणि आजीच्या वाट्याला एका बैठकीत तीनशे ग्रॅमच्या वर भात जातो असा अंदाज काढला. पाहिजे होता शंभर ते सव्वाशे. आजीला ते ऐकून आश्चर्य वाटलं. "मी? मी तर चिमणीसारखी खाते."

"चिमणी नाही, बगळा," लमदुआन म्हणाली.

पिकुनने सव्वाशे ग्रॅमची छोटी टोपली करवून आणली. आजीने ती हातात घेऊन फिरवून पाहिली, विणकाम चांगलं आहे म्हणाली, आणि परत दिली.

"एकटीची टोपली? आमच्यात जावांचं भांडण झालं की एकटीची टोपली निघते. उद्या गाव विचारेल, नणंदेने काढलं का तुला वेगळं."

वजनकाट्याचंही तसंच झालं. भात ताटलीत काढून काट्यावर ठेवेपर्यंत वरून सुकायचा, आणि सुकलेला चिकट भात कुत्रंही हुंगत नाही. शिवाय काटा दिसायला हवा. आजीला त्यावरचे आकडे दिसत नव्हते.

वर्षावासाच्या पहिल्या आठवड्यात पिकुन उपाशीपोटीची साखर बघायला पहाटेच आली. आजीची चूल पेटायच्या आत तिचं बोट टोचायचं होतं. पण तिला उशीर झाला होता. भात शिजून टोपलीत गेला होता, आणि आजी रस्त्याच्या कडेला चटईवर, चपला काढून, टोपली छातीशी धरून गुडघ्यांवर बसली होती. पिकुन चपला काढून मागे उभी राहिली.

विहारातून भन्ते येत होते. यंदा वर्षावासाला पाच भन्ते होते आणि गावाला त्याचा अभिमान होता. पाच असले की भन्तेंना वस्त्रं द्यायचा चीवरदानाचा सोहळा आपल्याच विहारात करता येतो. ते एकामागून एक आजीसमोरून सरकले. आजीने टोपलीतून तीन बोटांनी भाताचा घास तोडला, पात्रात सोडला. दुसरा. तिसरा. नजर खाली, बोटं आपोआप. पाचवा घास तोडला तेव्हा टोपलीत एक शीतही उरलं नव्हतं.

पिकुनने रिकामी टोपली पाहिली आणि मग आजीची बोटं पाहिली.

"आजी, रोज बरोबर संपतो?"

"मग? शेवटच्या भन्तेंना कमी पडलं तर? आणि पहिल्याला जास्त घातला तर तो काय, माझा जावई आहे?"

"पण दिसत तर नाही तुम्हाला नीट."

"हाताला दिसतं. सातव्या वर्षी आईने शेजारी बसवलं तेव्हापासून घालते आहे."

पिकुनने बोट टोचायचं विसरून पिशवीतून काटा काढला. आजीने हात मागे घेतला. "भन्तेंचा भात तागडीत घालायचा नाही हं."

"भन्तेंचा नको. घरातला चालेल ना? फक्त तसाच तोडा. समोर भन्ते आहेत असं समजून."

आजीने डोळे मिटले. पिकुन घास उचलून काट्यावर ठेवत गेली आणि वहीत लिहीत गेली. बावीस ग्रॅम. तेवीस. बावीस. बावीस. तेवीस. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नळीने थेंब मोजताना तिचा हात इतका स्थिर कधी राहिला नव्हता. तिने बेरीज केली. एकशे बारा.

"काय झालं? चुकलं का काही?" आजीने डोळे उघडून विचारलं.

"नाही," पिकुन म्हणाली. तिने काटा पुसला. "आणखी एकदा तोडा."

मग लमदुआनला बसवलं. हात थरथरत होता, तरी पंचवीस, चोवीस, पंचवीस.

"हिचा हात पहिल्यापासून सैल," आजी म्हणाली.

"माझा सैल नाही, तुझा आखडता."

"दोन्ही चालतात," पिकुन म्हणाली. "आपापला हात रोज सारखा चालला की झालं. जेवायला बसलं की आधी केळीच्या पानावर पाच घास तोडून ठेवायचे. टोपली मध्येच राहू दे, पंगतीत तुम्ही तिथेच बसा. फक्त तुमचा भात त्या पाच घासांएवढाच. तो पुढे वाटाण्याएवढा तोडून खा नाही तर लाडवाएवढा. दिवसातून तीन वेळा."

आजीने काट्यावरचा घास उचलून परत टोपलीत ठेवला. मग हळूच म्हणाली, "भन्तेंसाठी तोडलेला घास स्वतःच्या तोंडात? पोरी, हे पाप आहे."

हे भन्तेंनाच विचारू, असं पिकुन म्हणाली. दोघींना घेऊन ती विहारात गेली.

मोठे भन्ते अंगण झाडत होते. त्यांनी झाडू न ठेवता सगळं ऐकून घेतलं.

"कोंगसी उपासिकेच्या हातचा घास मी वीस वर्षं खातो आहे," ते म्हणाले. "एक दिवस कमी नाही, एक दिवस जास्त नाही. आम्हाला मोजून देता आणि स्वतःला बिनमोजणीचं वाढता, हे काही बरोबर नाही. आमच्या पात्रात उरलेला भात दुपारी कोण खातं?"

"आम्हीच," आजी म्हणाली.

"तेव्हा पाप लागलं?"

आजीने हात जोडले. परतताना वाटेत ती लमदुआनला म्हणाली, "मी आधीच म्हणत होते."

पुढच्या मंगळवारपासून वर्ग केंद्राच्या ओसरीवर नाही, तर भिक्षाफेरी संपल्यावर विहाराच्या सभामंडपात भरू लागला. पिकुनने पत्रकं आणली नाहीत. बायका एकेक करून बसायच्या, डोळे मिटून घास तोडायच्या, आणि पिकुन प्रत्येकीचं वजन लिहून घ्यायची. बुनहोम काकांनीही हौसेने पाच घास तोडले. अठरा, चाळीस, एकतीस, बावीस, सत्तेचाळीस.

"काका, पहाटे घास घालायला कधी बसला होतात?"

"मी झोपलेला असतो. ते खातं हिच्याकडे," त्यांनी बायकोकडे बोट दाखवलं.

"मग यापुढे तुमचे घासही याच तोडतील."

"म्हणजे आता हिच्या हातात गेलो म्हणायचं!"

"चाळीस वर्षं कुणाच्या हातात होतात?" त्यांची बायको म्हणाली, आणि मंडपभर हशा झाला.

भाताबरोबर बांबूचे कोंब, रानभाज्या, भाजलेला मासा, मिरचीची चटणी पूर्वीसारखीच चालली. सीताफळांचे दिवस होते. अर्ध्या सीताफळाला एक घास कमी, असं ठरलं. बाजारात दोन बायका भेटल्या की एकमेकींना विचारू लागल्या, "आज किती भन्ते जेवले?" बुनहोम काका सांगत सुटले की त्यांच्या रांगेत एक सहावा भन्ते रोज उशिरा येतो, त्याला विन्मुख पाठवणं जिवावर येतं. कोंगसी आजीने निरोप धाडला, "त्याला म्हणावं, आधी विहारात नाव घाल."

तिसऱ्या आठवड्यात, दिवेलागणीला, बुनहोम काकांची बायको धावत केंद्रात आली. काकांना घाम फुटला होता, हात लटलटत होते, शब्द धड उमटत नव्हते. पिकुनने बोट टोचलं. यंत्रावर सत्तरच्या वर हवी ती साखर पन्नासच्याही खाली होती. तिने चार चमचे साखर पाण्यात विरघळवून घोट घोट पाजली. दहा मिनिटांनी काकांची नजर ठिकाणावर आली.

"सिस्टर," ते म्हणाले, "साखर सोडा सोडा म्हणून इतके दिवस मागे लागलात, आणि आज स्वतःच पाजता?"

"संध्याकाळी काय जेवलात?"

"भाजी. मासा."

"आणि भात?"

काका तिच्याकडे बघतच राहिले. "भन्ते दुपारनंतर जेवत नाहीत. त्यांचे घास मी संध्याकाळी कसे खाऊ?"

पिकुनने पेला खाली ठेवला. साखरेची गोळी घेऊन उपाशी झोपलेला माणूस सकाळी उठेलच असं नसतं. त्याच संध्याकाळी ती घरोघर फिरली. आणखी तिघांचं तसंच चाललं होतं. त्यातली एक कोंगसी आजी होती.

"चक्कर येत होती का?"

"थोडी. म्हटलं, पुण्य लागतंय."

घरी येऊन तिने वहीत तारीख घातली आणि लिहिलं: 'दुसरी चूक. मी विचारलं नाही.' सकाळी ती पुन्हा मोठ्या भन्तेंसमोर बसली. गोळी पोटात गेली की रक्तात काय होतं ते तिने त्यांना नीट समजावून सांगितलं; त्यांनी मध्ये दोनदा प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. मंगळवारी ते स्वतः वर्गात आले.

"गोळी घेणाऱ्याने रात्री भात खायचाच," ते म्हणाले. "पाच घास. सकाळी पाच, दुपारी पाच, रात्री पाच. दुपारनंतर उपास करायची ज्याला हौस असेल त्याने आधी डोकं भादरून माझ्याकडे यावं. पहाटे चारला उठवतो."

बुनहोम काकांनी डोक्यावरून हात फिरवला. "रात्री जेवतो," ते म्हणाले.

त्यानंतर पिकुनने एक सवय लावून घेतली. काही सांगून झालं की ती प्रत्येकाला विचारायची, आता घरी जाऊन नेमकं काय करणार ते सांगा. सांगायला वेळ लागायचा, वर्ग लांबायचा. पण त्यातून तिला बरंच काही कळायचं. सकाळची गोळी घेतली का, हे मंगळवारी वर्गात विचारलं जातं म्हणून ती मंगळवारीच घेणारी एक बाई त्यातच सापडली.

ऑक्टोबरच्या पौर्णिमेला वर्षावास संपला. त्याच्या तीन दिवस आधी सगळ्यांचं रक्त तालुक्याला गेलं. वन्निपा पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी आली, आईसाठी मोठी रिकामी बॅग घेऊन. तिने ती भिंतीशी उभी केली. घरात जो तो त्या बॅगेला वळसा घालून जात होता.

पिकुनला त्या रात्री जेवायला थांबवून घेतलं होतं. टोपली मध्ये आली. आजीने केळीच्या पानावर पाच घास तोडून ठेवले आणि त्यातल्या पहिल्याचा कोपरा चटणीत बुडवला.

"एवढंच?" वन्निपाने विचारलं. "आई, तू उपाशी राहतेस की काय आकड्यासाठी?"

"उपाशी राहिले की ही बाई भन्तेंना वर्गात आणते," आजी म्हणाली. "तू जेव. आणि बोटं चाटून पुन्हा टोपलीत घालू नकोस, शहरात विसरलीस वाटतं."

वन्निपा आईच्या पायाकडे बघत होती. अंगठ्याची जखम भरून आली होती, नवी कातडी गुलाबी दिसत होती. मग तिनेही टोपलीतून घास तोडला.

कागद दुसऱ्या दिवशी दुपारी आला. पिकुन तो न उघडताच आजीच्या घरी घेऊन गेली, कारण आधी स्वतः बघणं तिला बरोबर वाटलं नाही. तिने लिफाफा वन्निपाच्या हातात दिला. वन्निपाने वाचला आणि परत वाचला.

"किती गं?" लमदुआनने विचारलं. 

"आठ पॉइंट चार."

"म्हणजे चांगलं का वाईट?"

"सुई नको," पिकुन म्हणाली. "आठच्या खाली यायला हवं अजून. पण सुई नको."

कोंगसी आजीने टोपलीचं झाकण काढलं, पुन्हा लावलं. मग खांद्यावरच्या फडक्याने तोंड पुसलं आणि लमदुआनला म्हणाली, "बघतेस काय, पोरीला सुकी मासळी बांधून दे. बॅग रिकामी न्यायची का तिने एवढ्या लांब?"

वन्निपा हसली, आणि हसता हसता तिने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. बॅगेत सुकी मासळी गेली, मिरच्या गेल्या, एक नवी टोपली गेली. "तीन महिन्यांनी पुन्हा कागद पाठवायचा," ती बस सुटताना पिकुनला बजावून गेली. "आकडा खोटा सांगू नका."

"खोटा कशाला सांगू?" पिकुन म्हणाली. आकडा खोटा सांगता येतो, हेच तिला कधी सुचलं नव्हतं.

अकरापैकी आठ जणांची साखर उतरली होती. तालुक्याच्या कचेरीतून विचारणा आली की पाच घासांचं पत्रक छापून सगळ्या गावांना वाटावं का. पिकुनने उत्तर लिहिलं, वाटू नये. आधी त्या गावात जाऊन बघावं लागेल. पलीकडच्या नोंग-साइमध्ये आठ भन्ते होते. तिथल्या बायका घास केवढा तोडतात ते कुणाला माहीत?

म्हणून नोव्हेंबरच्या एका सकाळी पिकुनच्या स्कूटरवर मागे कोंगसी आजी बसली, मांडीवर काटा घेऊन. नोंग-साइच्या सभामंडपात पंधरा बायका जमल्या होत्या आणि परक्या गावच्या म्हातारीकडे संशयाने बघत होत्या.

"डोळे मिटा," आजी त्यांना म्हणाली. "मी सांगते तसं. हिच्याकडे बघू नका, ही पुस्तकातलं सांगते. आणि आधी एक सांगून ठेवते, रात्री भात सोडायचा नाही."

पहिलीने घास तोडला. पिकुनने काट्यावर ठेवला. चौदा ग्रॅम. पुढचा पंधरा. दुसऱ्या बाईचा एकोणीस. पिकुन लिहून घेऊ लागली. इथे सगळं पहिल्यापासून मांडावं लागणार होतं.

तिचा फोन वाजला. वन्निपा होती.

"सिस्टर, आई सकाळपासून फोन उचलत नाही. बरी आहे ना?"

पिकुनने फोन आजीपुढे धरला. आजीच्या दोन्ही हातांना भात लागला होता. ती एका तरुण बाईची बोटं धरून तिला तीन बोटांत घास कसा बसवायचा ते दाखवत होती, आणि तिने मान वर केली नाही.

"तिला सांग," ती म्हणाली, "आई कामावर आहे. संध्याकाळी फोन कर म्हणावं."